हेलियमचा पीळ

चनबसप्पांनी पायातली चप्पल काढता काढताच सांगून टाकलं, "उद्या दुपारी सोमलिंग सर आपल्याकडं जेवायला येणार हायत." सांगितलं बायकोला, चन्नम्माला, पण आवाज मुद्दाम चढा होता. आतल्या खोलीत शाळेचे पेपर तपासत बसलेल्या दाक्षायणीला ऐकू जावा म्हणून. तिला ऐकू गेलं. तिने हातातला पेपर पुन्हा पहिल्या प्रश्नापासून तपासायला घेतला, कारण आधी वाचलेलं सगळं डोक्यातून पार उडून गेलं होतं.

ज्या माणसाने चारचौघांत आपल्या मुलीला खोटारडी ठरवलं त्याला बाप आग्रहाने घरी बोलावतो, आणि वाढायला तीच मुलगी. दुसऱ्या कुणाच्या घरी असं घडलं असतं तर चनबसप्पांनीच कानांवर हात ठेवले असते. पण सोमलिंग सरांची गोष्ट त्यांच्या लेखी निराळी. सर मूळचे अक्कलकोटचे, लिंगायत, म्हणजे आपल्यातले. बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत प्राध्यापक, विलायतेला जाऊन आलेले. दाक्षायणी एम.एस्सी. झाल्यावर तिला संशोधनासाठी बंगळूरला पाठवायचं ठरलं तेव्हा सगळ्या साखर पेठेने नाकं मुरडली होती. चनबसप्पा ज्याला त्याला एकच सांगायचे, "परक्याकडं कुटं पाठवतोय? सोमलिंग सर हायत की तितं." तेच सर आता कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून सोलापुरात आले होते. चनबसप्पा स्वतः जाऊन त्यांना भेटले आणि आमंत्रण देऊन आले.

"पोरगी परत आली त्याला तीन वरसं झाली," चन्नम्मा म्हणाली. "त्यांच्यापायी आली. आन् त्यास्नीच शेंगापोळी घालायची?"

"झालं ते झालं. गावात आलेल्या मान्साला हाटेलात जेवू द्यायचं का?"

दाक्षायणी बाहेर आली. "अप्पा, उद्या मला शाळेत उशीर होईल."

"अर्धी सुट्टी काढ," चनबसप्पा म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता खाली कारखान्यात निघून गेले.

हे न बघणं तीन वर्षांचं होतं. बंगळूरहून तिला आणायला तेच गेले होते. सरांनी त्यांना बाजूला नेऊन कानडीत काहीतरी सांगितलं, आणि परत आले तेव्हा अप्पांची मान खाली होती. गाडीत त्यांनी तिला संत्री सोलून दिली, खिडकीतून ऊन येतंय म्हणून जागा बदलून दिली, सोलापूरच्या अलीकडचं होटगी येईपर्यंत दर स्टेशनावर चहा विचारला. पण झालं काय, तू ते केलंस का, हे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती भांडली असती, रडली असती, सगळं सांगून मोकळी झाली असती. तेही नाही. घरी आल्यावर लोकांना सांगायला काहीतरी हवं, म्हणून "पोरीला बंगळूरची हवा मानवली न्हाय" असं त्यांनी ठरवून टाकलं. जी हवा खायला लोक लांबलांबून जातात, ती म्हणे सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या धडधाकट मुलीला मानवली नाही! ऐकणाऱ्यांनी तोंडावर मान डोलावली आणि पाठीमागे बोलायचं ते बोलून घेतलं. शिवलिंगप्पाकाका, म्हणजे चनबसप्पांचे चुलतभाऊ, रोज संध्याकाळी येऊन बसायचे आणि दोन-चार दिवसांआड विचारायचे, "आता तब्येत बरी हाय न्हवं पोरीची?" मग अप्पा म्हणायचे, "हाय बरी."

लोकांच्या बोलण्याचं दाक्षायणीला फारसं काही वाटेनासं झालं होतं. पण अप्पांना आपलं खरं वाटत नाही, हे तिला आतून खात होतं. मुलींच्या शाळेत नोकरी लागली, पगार येऊ लागला, लग्नाच्या गोष्टी आल्या आणि मागे गेल्या, या सगळ्यात तिला एकच गोष्ट हवी होती. कधीतरी अप्पांनी म्हणावं, तू खरी होतीस.

तिने केलेलं काम सांगायला सोपं होतं आणि करायला जीवघेणं. हेलियम म्हणजे फुग्यात भरतात तो वायू. त्याला निववत निववत नेलं की शेवटी त्याचं पाणी होतं, आणि त्या थंडीपुढे आपला बर्फ म्हणजे निखारा. हे पाणी एवढ्या थंडीतसुद्धा खदखदत असतं. आणखी निववलं की एका ठिकाणी उकळी एकदम थांबते आणि सगळं निश्चल होतं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा दाक्षायणीच्या अंगावर काटा आला होता. तिथून पुढे त्या द्रवाला घासणं, अडखळणं, थकणं ठाऊकच नसतं. भांडं फिरवलं तर तो पाण्यासारखा भांड्याबरोबर फिरत नाही. त्यात बारीक बारीक भोवरे पडतात, आणि पडलेला भोवरा थंडी आहे तोवर फिरतच राहतो. त्यातही गंमत अशी, की या भोवऱ्यांचं बळ ठरलेलं असतं. एकपट, दुप्पट, तिप्पट. दीडपट भोवरा नसतो. निसर्ग तिथे सुट्टे पैसे देत नाही.

दाक्षायणीने एका उभ्या नळीच्या मधोमध केसाहून बारीक तार ताणून बसवली होती. भांडं अगदी सावकाश फिरवत हेलियम निववायचा आणि मग भांडं थांबवायचं. भोवरा त्या तारेला धरून फिरत राहतो. तार छेडली की भोवऱ्याच्या ओढीने तिची थरथर हळूहळू दिशा बदलते. किती लवकर बदलते ते बघून भोवऱ्याचं बळ काढायचं. दाक्षायणीला ते एक आलं, पुष्कळदा दोन आलं, क्वचित तीन. अधलंमधलं जवळजवळ काही नाही. विलायतेत आधी कुणी केलेल्या कामाशी हे तंतोतंत जुळलं, आणि तिथेच घात झाला.

सर शंकेखोर नव्हते, पण काटेकोर होते. एवढे स्वच्छ आकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा करून दाखव म्हणाले, तर हेलियमचं पाणी करणारं यंत्रच बिघडलं. ते दुरुस्त होईपर्यंत काही महिने गेले, आणि मग सरांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याला बसवलं. भांडं तेच, तार तीच, दाक्षायणीने हात लावायचा नाही. त्याला आलं पाव, अर्धा, पाऊण. पुन्हा केलं तरी तेच. मग एका दुपारी सगळ्यांसमोर, फळ्यावर दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडून, सर म्हणाले, "हिचे आकडे हेलियमने दिलेले नाहीत. पुस्तकाने दिलेले आहेत." "मी मोजलं तेच लिहिलं," एवढंच दाक्षायणी म्हणाली, आणि ते तिच्या स्वतःच्या कानालाही खोटं वाटलं. कुणी तिला काढून टाकलं नाही. पण त्यानंतर तिच्या शेजारी बसून कुणी डबा खाईना, आणि महिन्याभरात तिने घरी कळवलं की न्यायला या.

दुसऱ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. सर आले ते डोक्यावर रुमाल धरूनच. केस बरेच पिकले होते. दारात दाक्षायणी दिसली तेव्हा त्यांनी रुमाल काढून घाम पुसला. मग "बरी आहेस ना?" म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता आत गेले.

जेवण मात्र साग्रसंगीत झालं. अप्पा आणि सर कानडीत अक्कलकोटच्या लोकांविषयी बोलत राहिले. कोण वारलं, कुणाच्या वाटण्या झाल्या, कुणाचा मुलगा कुठे चिकटला. चन्नम्मा मूग गिळून भाकरी वाढत होती. दाक्षायणीने शेंगापोळीवर तूप सोडलं तेव्हा सरांनी "पुरे, पुरे" म्हणत ताटावर हात आडवा धरला. तो हात आता वाळून गेला होता, आणि आपल्याला त्याची कीव यावी याचाच तिला राग आला.

हात धुऊन पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत बसली, तेवढ्यात सकाळपासून गेलेली लाईट आली. खालच्या मजल्यावर एकदम खडखडाट सुरू झाला. तिथे चनबसप्पांचा सूत पिळायचा छोटा कारखाना होता. चादरींना लागणारं दुहेरी सूत तिथे व्हायचं. दोन धागे एकत्र करून यंत्रावर पिळायचे, कांड्यांवर भरायचे, कांड्या वाफेत ठेवायच्या आणि मग पुरत्या निवू द्यायच्या. निवल्या की पीळ बसला. त्याआधी कुणी धागा मोकळा सोडला तर पीळ उलटा सुटायचा, सूत स्वतःभोवती गुंडाळून त्याच्या गाठी व्हायच्या आणि माल वाया जायचा. "पीळ निवू दे!" हे ओरडणं दाक्षायणी पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. त्या घरात भात झाकून ठेवतानाही कुणी थट्टेने तेच म्हणायचं.

"कांड्या बघून येतो," चनबसप्पा उठले. "दाक्षू, सरास्नी पान लावून दे."

खोलीत दोघंच उरली. दाक्षायणी पानाचं तबक घेऊन खाली बसली.

"शाळेत शिकवतेस म्हणे," सर म्हणाले.

"हो. आठवी-नववीला."

"चांगलं आहे." ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "तुला वाटत असेल, मला त्यात काही समाधान मिळालं. नाही मिळालं, दाक्षायणी. माझ्याकडे आलेली पहिली मुलगी तू. मी ते काम सोडून दिलेलं नाही. मागच्या हिवाळ्यात हेलियम मिळाला तेव्हा मी स्वतः बसलो होतो. म्हटलं, एकदा तरी तुझा 'एक' येऊ दे. मग तुझ्या अप्पांना सांगायला तोंड राहील."

"आला नाही?"

"नाही आला. पुन्हा तेच. अर्धा, पाऊण. आणि काळजी म्हणशील तर आम्ही तुझ्यापेक्षा जास्तच घेतली. थंडी तीच, वेग तोच. अगं, वरून भांड्यात येणाऱ्या विजेच्या तारांचासुद्धा विचार केला. भांड्याबरोबर त्या पिळल्या जायच्या, आणि तू सोडलेल्या भांड्यात त्या तारांचा एक सांधा तुटायलाच आला होता. म्हणून तुझ्यानंतर बसलेल्या पहिल्या मुलापासूनच नियम केलाय. भांडं थांबलं की जेवढे फेरे दिले तेवढे उलटे द्यायचे, तारांचा पीळ काढून टाकायचा, आणि मगच मोजायला बसायचं."

दाक्षायणी पानाला चुना लावत होती. तिचं बोट जागच्या जागी थांबलं.

"उलटे फेरे देता?"

"हो."

"मोजायच्या आधी?"

"आधीच. तारा ताणलेल्या असताना मोजणार कसं?"

"किती वेगाने?"

"त्याला काय वेग? हाताने भराभर सोडवून टाकायचं. हेलियम उडून जात असतो, वेळ कुठे..." आणि सर वाक्याच्या मध्येच थांबले.

खाली यंत्रं धडधडत होती. दाक्षायणीने पान तबकात ठेवलं.

"सर, हेलियम तेव्हा थंडच असतो. भोवरा तारेला नुकता धरलेला असतो. तुम्ही सगळं भांडं उलटं फिरवता, तेव्हा तो काय बसून राहतो का? तो तारेवरून सुटतो. पुरता सुटला तर काहीच उरत नाही. वरून सुटला आणि खाली चिकटून राहिला, तर तेवढ्याच लांबीवर तार ओढली जाते. तुम्ही मोजलात तो अर्धा भोवरा नव्हता. भोवरा पुरताच होता, तार अर्धी होती."

सरांनी चष्मा काढला आणि तो हातातच धरून बसले.

"आणि तू?"

"मी कधीच उलटं फिरवलं नाही. तारा मुद्दाम लांब घेतल्या होत्या, वरून झोळीसारख्या सैल सोडलेल्या. त्यांना पीळ पडू दिला. सगळं मोजून व्हायचं, हेलियम उडून जायचा, भांडं उबेला यायचं, मग मी त्या सावकाश सोडवायची."

"हे तू कुठे लिहिलं नाहीस. कधी बोललीही नाहीस."

"नाही."

"का नाही?" सरांचा आवाज चढला, आणि तो रागाचा नव्हता. "एवढी मोठी गोष्ट, दाक्षायणी! त्या दिवशी फळ्यापुढे उभी होतीस, तेव्हा तरी?"

खरं सांगायचं तर ती गोष्ट आहे हेच तिला माहीत नव्हतं. जेवताना उजव्या हाताने जेवलो, असं कुणी लिहून ठेवतं का? दिलेला पीळ निवायच्या आत उलटा जाऊ द्यायचा नसतो, हे तिच्या घरात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. ते हाताला लागलेलं असायचं. दुसरं कुणी, शहाणंसुरतं माणूस, नुकतं फिरवलेलं भांडं हाताने गरगर उलटं फिरवील, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. म्हणून तिने ते लिहिलं नाही. तीन वर्षं ती आपली चूक शोधत होती, सरांची शोधत होती, तारेची, थर्मामीटरची. अंगवळणी पडलेल्या गोष्टीकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

"आमच्याकडे हे कुणी सांगत नाही, सर," ती शेवटी म्हणाली. "ज्याला त्याला ठाऊक असतं."

सर हातातला चष्मा रुमालाने पुसत राहिले. मग म्हणाले, "असू शकेल. तू म्हणतेस तसं असू शकेल. पण मी करून बघितल्याशिवाय म्हणणार नाही."

"त्या दिवशी म्हणालात."

हे तिच्या तोंडून निघून गेलं. सरांची मान खाली गेली. "हो," ते म्हणाले. "त्या दिवशीही म्हणायला नको होतं." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "पावसाळ्यानंतर हेलियम मिळेल. तू ये. तुझ्या हाताने कर. मी शेजारी बसतो."

किती वेळा तिने हे वाक्य मनात ऐकलं होतं! रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या, शाळेत मुली गणितं सोडवत असताना. आता ते खरंच कुणी म्हणत होतं आणि तिला आत कुठेतरी लख्ख दिसलं की जायचं नाही.

"मी येणार नाही. माझ्या हाताने 'एक' आला तर तुमच्या मनात पुन्हा किडा वळवळेल. तुमचं चुकणार नाही त्यात. तुमच्याच माणसांकडून करून घ्या. मी तारा कशा सोडायच्या ते सांगते."

आणि तिने सांगितलं. तारा कुठून घ्यायच्या, किती झोळ ठेवायचा, भांडं थांबवताना धक्का कसा द्यायचा नाही. सर मान हलवत ऐकत होते, मध्येच एखादा प्रश्न विचारत होते. त्या थोड्या वेळापुरती ती दोघं पुन्हा पूर्वीसारखी झाली होती. चन्नम्माने दारातून डोकावून पाहिलं आणि ती परत गेली.

चनबसप्पा वर आले तेव्हा सर निघायला उभे होते. दारात त्यांनी अप्पांचा हात हातात घेतला आणि कानडीत म्हणाले, "चनबसप्पाअण्णा, त्या दिवशी मी तुम्हाला मुलीविषयी जे सांगितलं, ते कदाचित चुकलं असेल. अजून नक्की नाही. नक्की झालं की कळवतो." एवढं बोलून रुमाल डोक्यावर घेऊन ते उन्हात चालू लागले. लावलेलं पान तबकातच राहिलं.

ऊन उतरल्यावर दाक्षायणी खाली कारखान्यात गेली. माणसं घरी गेली होती. चनबसप्पा एकटेच कांड्या हाताने चाचपून बघत होते, निवल्या का ते.

"कदाचित म्हंजी काय?" त्यांनी विचारलं. तीन वर्षांतला हा पहिला प्रश्न.

तिने सांगितलं. भोवऱ्याचं, तारेचं, आणि उलट्या फेऱ्यांचं. हेलियमचा पीळ सुतासारखा कायमचा बसत नाही, थंडी आहे तोवरच राहतो, आणि तेवढ्यात उलटं फिरवलं की गेला, हेही सांगितलं. चनबसप्पा ऐकत होते. त्यांच्या हातातली कांडी तशीच राहिली होती.

"म्हंजी पीळ दिला आन् लगोलग काढून टाकला? मग मोजत काय हुते?"

"उरलेलं."

त्यांनी कांडी खाली ठेवली. दाक्षायणीला वाटलं, आता ते वर जातील, विषय संपला. तिचा धीर सुटत चालला होता, आणि सुटायच्या आत तिने विचारून टाकलं. "अप्पा, तुम्हाला काय वाटत होतं? इतकी वर्षं?"

धोतराच्या टोकाने त्यांनी हात पुसले, पुन्हा पुसले.

"मला तुजं खरं वाटलं न्हाय," ते म्हणाले.

तिने यंत्रावर अडकलेला सुताचा एक तुकडा सोडवून घेतला.

"सर म्हणले, पोरीनं आकडे मनानं घातले. मी म्हणलं, एवढा शिकलेला मानूस, आपल्यातला, त्यो कशाला माज्या पोरीचं वंगाळ करंल? आन् तू बी गाडीत काय बोलली न्हाईस. मला वाटलं, गप हाय म्हंजी खरंच आसंल."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"न्हाय विचारलं. भ्या वाटलं." ते यंत्राकडे बघत बोलत होते. "तू व्हय म्हणली आसतीस, तर मी काय केलं आसतं? त्यापरीस न विचारल्यालं बरं, आसं वाटलं."

हे तिला माहीत होतं. गाडीतल्या संत्र्यांपासून माहीत होतं. तरी बापाच्या तोंडून ऐकताना ते तिला फार लागलं. इतके दिवस कुठेतरी एक वेडी आशा होती, की अप्पांच्या मनात वेगळं असेल, बोलता येत नसेल एवढंच. ती आशाही गेली. आणि आता सरांचं कळेपर्यंत अप्पा थांबतील, सर हो म्हणाले की हो म्हणतील, नाही म्हणाले की पुन्हा मान खाली घालतील. तेव्हाही सरांचंच खरं आणि उद्याही सरांचंच. तिने जिना चढायला सुरुवात केली. मागून चनबसप्पाही आले, पण एका पायरीचं अंतर ठेवून.

वर शिवलिंगप्पाकाका नेहमीसारखे येऊन टेकले होते. चन्नम्माने त्यांना पाणी दिलं होतं. चनबसप्पा समोर बसले. दाक्षायणी स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली होती.

"बंगळूरचे सर येऊन गेले म्हणं," काका म्हणाले. "पोरीला परत न्यायचं काय मनात हाय का? आता बरी हाय न्हवं तब्येत तिची?"

चनबसप्पांनी "हाय बरी" म्हणायचं आणि काकांनी मान डोलवायची, असंच व्हायचं होतं. पण चनबसप्पा तसं म्हणाले नाहीत.

"तब्येत तिची तवा बी चांगलीच हुती," ते म्हणाले. "हवा-बिवा काय न्हाय, शिवलिंगप्पा. मी खोटं सांगत हुतो. तितं तिला खोटी ठरवली हुती, म्हणून ती आली. आन् मी, तिचा बाप, त्ये खरं धरून बसलो. पोरगी खरी हुती."

काका हातातला तांब्या तसाच धरून बघत राहिले. एवढी मोठी गोष्ट आणि तीही अशी उघड! "सर म्हणले का तसं?" त्यांनी विचारलं.

दाक्षायणीला राहवलं नाही. ती दारातूनच म्हणाली, "अप्पा, सरांचं अजून यायचंय. ते करून बघणार आहेत. माझं चुकलेलंही निघेल."

चनबसप्पांनी मान वर केली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.

"त्यांचं यील तवा यील," ते म्हणाले. "ह्ये मी माजं सांगतोय."

दाक्षायणी आत गेली आणि चन्नम्माच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. बंगळूर सोडताना ती रडली नव्हती, त्यानंतरही कधी नाही. आता ती एवढ्या मोठ्याने रडली, की बाहेर काकांनी पुढे काय विचारलं आणि अप्पांनी काय सांगितलं, यातलं तिला काहीच ऐकू आलं नाही.